नारायणगावकर फड : जुळणी आणि वाटचाल

नारायणगावकर फड हा ढोलकी-फडाच्या तमाशातला महाराष्ट्रातील एक जुना, नामांकित फड. जुन्नर तालुक्यात मीना नदीकाठी वसलेल्या नारायणगावात खुडे घराण्यातील नारायण खुडे यांनी तो उभा केला. पुढे भाऊ आणि बापू या बंधूंच्या नावाने तो ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ म्हणून ओळखला जाऊ लागला, आणि भाऊंच्या कन्या विठाबाई यांच्या काळात त्याची कीर्ती राज्यभर झाली. शाळा, पतपेढी किंवा देवस्थान यांना इमारत असते, घटना असते, सभासदांची वही असते. फडाकडे यातले काही नसते. पावसाळा लागला की तो पांगतो आणि दसऱ्याला पुन्हा उभा राहतो. त्यामुळे फडाचा इतिहास सांगायचा तर दरवर्षी माणसे कुठून आणली, कशी बांधून घेतली, कशी घडवली आणि कुठे नेली, हेच सांगावे लागते.

पूर्वपीठिका

तमाशाचे आज दोन प्रकार मानले जातात. एक संगीत बारीचा, दुसरा ढोलकी-फडाचा. संगीत बारीत लावणीनृत्य आणि बैठकीची अदा यांना महत्त्व असते आणि ती कला केंद्रांच्या थिएटरांत चालते. ढोलकी-फड मात्र फिरता असतो. त्याच्या कार्यक्रमात गण, गवळण, बतावणी आणि वग असा क्रम असतो. गणात गणेशाचे स्तवन होते. गवळणीत कृष्ण, पेंद्या, मावशी आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी यांचा विनोदी संवाद रंगतो. बतावणीत सोंगाड्या हजरजबाबीपणा दाखवतो. त्यानंतर सुरू होणारा वग पहाटेपर्यंत चालत असे. वगाची सुरुवात १८६५च्या सुमारास सावळजच्या उमा-बाबू यांच्या ‘मोहना-बटाव’पासून झाली, असे तमाशाचे अभ्यासक मानतात. वग आल्यावर फडाची गरजच बदलली. चार-सहा माणसांत गण-गवळण भागत असे. वगाला राजा, प्रधान, नायिका, खलनायक, शिपाई अशी भरपूर पात्रे लागू लागली. फड मोठा झाला तो या गरजेतून.

स्त्री कलावंत फडात आली तीही याच काळात. त्याआधी स्त्रीची कामे नाच्या पोऱ्या करत असे. संगमनेरजवळच्या हिवरगावची पवळा ही तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी एक. रेठरे हरणाक्ष येथील श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी म्हणजेच पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) यांनी कुलकर्णीपण सोडून तमाशा जवळ केला, आणि बापूराव-पवळा ही जोडी मुंबईपर्यंत गाजली. ब्राह्मण शाहीर आणि महार समाजातील नर्तकी एका बोर्डावर उभी राहिली, ही गोष्ट त्या काळात खळबळजनक ठरली. वेगवेगळ्या जातींची आणि गावांची माणसे एका फडात एकत्र येण्याची रीत मात्र त्यामुळे घट्ट झाली.

नारायणगावच का

जुन्नर आणि आंबेगाव हे सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. पश्चिमेला माळशेजचा घाट उतरला की कल्याण आणि मुंबई लागते. पूर्वेला पारनेर आणि नगर. उत्तरेला संगमनेर आणि नाशिक. दक्षिणेला राजगुरुनगर आणि पुणे. आळे गावाजवळच्या आळेफाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे रस्ते एकमेकांना छेदतात, आणि तेथून थोड्या अंतरावर पुण्याच्या बाजूला नारायणगाव आहे. सामानाचे ट्रक घेऊन रोज नव्या गावी जाणाऱ्या फडाला अशी चार जिल्ह्यांच्या वाटांवरची जागा सोयीची ठरली.

दुसरे कारण गावयात्रांचे. या भागात प्रत्येक गावाच्या ग्रामदैवताची यात्रा असते आणि बहुतेक यात्रा चैत्र-वैशाखात येतात. आळ्यात, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले असे परंपरा सांगते त्या रेड्याची समाधी आहे, आणि तेथेही चैत्रात यात्रा भरते. नारायणगावात मुक्ताबाईची यात्रा भरते. भैरवनाथ, खंडोबा, हनुमान, मळगंगा अशा दैवतांच्या यात्रांनी ही दोन महिन्यांची पंचांगाची पाने भरून जातात. यात्रेला तमाशा हवाच, हा गावकऱ्यांचा जुना आग्रह. पुढे कुकडी प्रकल्पाच्या धरणांमुळे शेतीला पाणी मिळाले. ऊस, द्राक्षे, भाजीपाला पिकू लागला. नारायणगावची टोमॅटोची बाजारपेठ मोठी झाली. वर्गणीची रक्कम वाढली तसा गावाला बोलावता येणारा फडही मोठा होत गेला.

स्थापना आणि भाऊ-बापूंचा काळ

नारायण खुडे हे मातंग समाजातले. हलगी, सनई आणि ढोलकी ही वाद्ये या समाजाच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या होती, आणि गावच्या प्रत्येक उत्सवात त्यांची सेवा ठरलेली होती. त्या वादनाला गाणे, सोंग आणि वग यांची जोड देऊन घराण्याने फड बांधला. फडाच्या नावात त्यांनी जात झाकली नाही. ‘मांग’ हा शब्द पाटीवर तसाच राहिला, आणि लोकांनी तो फडाचे नाव म्हणून घेतला.

भाऊ आणि बापूंच्या काळात फड घरापुरता राहिला नाही. घरातील मुले-मुली, सुना, नातलग हा त्याचा गाभा. बाहेरचे ढोलकीवाले, सुरत्ये, सोंगाडे आणि नर्तकी त्याभोवती येऊन मिळत. फड फिरतीवर असताना मुले जन्मत आणि फडातच वाढत. विठाबाईंचा जन्म जुलै १९३५ मध्ये पंढरपुरात झाला. शाळेपेक्षा बोर्डाशी त्यांची ओळख आधी झाली. पाय थिरकवायचे, ढोलकीच्या ठेक्यावर आवाज बसवायचा, समोरच्याच्या तोंडातले वाक्य झेलायचे, हे सगळे शिक्षण त्यांना वडील-चुलत्यांच्या फडातच मिळाले.

फडाची जुळणी

आषाढ-श्रावणात, म्हणजे कार्यक्रम बंद असताना, पुढच्या हंगामाची जुळणी सुरू होते. फडमालक आणि मॅनेजर कलावंतांच्या गावी जातात किंवा कलावंत त्यांच्याकडे येतात. कोणाला घ्यायचे हे ठरते ते आवाजावर, पायावर, चेहऱ्यावर आणि मागच्या हंगामातल्या नावावर. सोंगाड्या आणि मुख्य नर्तकी यांच्यावर फडाची गर्दी अवलंबून असते, म्हणून आधी त्यांचे ठरते. मग ढोलकीवादक, हलगीवादक, पेटीवाला, सुरत्ये, वगातील नायक आणि खलनायक यांचा क्रम लागतो. मोठ्या फडात कलावंतांइतकीच संख्या बाकीच्यांची असते. तंबू ठोकणारे, बिगारी, ड्रायव्हर, लाइटमन, जनरेटर सांभाळणारे, तिकिटाच्या खिडकीवर बसणारे आणि आचारी मिळून फड शंभराच्या घरात सहज जातो.

ही माणसे एका गावची नसतात. कलावंतांच्या नावांमागे लागणाऱ्या गावांवरूनच ते ध्यानात येते : अवसरीकर, कवठेकर, ढवळपुरीकर, संगमनेरकर, सातारकर, करवडीकर. आंबेगावातल्या अवसरीचे वसंत अवसरीकर सोंगाड्या म्हणून गाजले. गुजरातेत जन्मलेल्या कांताबाई सातारकर पुढे संगमनेरच्या झाल्या. मातंग, महार, कोल्हाटी, गुरव, मराठा, मुसलमान असे अनेक समाजांचे लोक एकाच तंबूत जेवतात आणि एकाच ट्रकमध्ये निजतात. कोल्हापूरकडची बोली, खानदेशी वळण आणि घाटावरची भाषा तालमीत एकमेकांना घासून वगाची भाषा तयार होते, आणि ती नगरच्या प्रेक्षकाला आणि साताऱ्याच्या प्रेक्षकाला सारखीच कळते.

या सगळ्यांना हंगामभर बांधून ठेवते ती उचल. पावसाळ्यात हाताला काम नसते, घरात मुलांची शाळा, लग्न, आजारपण असते. मालक त्या वेळी रोख रक्कम देतो आणि हंगामात पगारातून ती वळती करून घेतो. ऊसतोडीच्या टोळीची उचल असते तशीच ही. कलावंताला मध्येच दुसऱ्या फडात जायचे झाले तर राहिलेली उचल नव्या मालकाने फेडायची, असा व्यवहार आहे. उचल नसती तर पावसाळ्यात कलावंताची चूल पेटली नसती. पण तिच्यामुळेच अनेक जण वर्षानुवर्षे एका फडाच्या देण्यात राहिले. मालकही यातून सुटत नाही. कलावंतांना द्यायची रक्कम तो स्वतः सावकाराकडून व्याजाने उचलतो. त्यामुळे एक हंगाम वाया गेला तर कर्ज आधी मालकाच्या आणि मग सगळ्या फडाच्या अंगावर येते.

निरनिराळ्या ठिकाणचे कलावंत जमवायचे, आधी त्यांच्यावर पैसे घालायचे आणि नंतर ते कार्यक्रमांतून वसूल करायचे, हा व्यवहार जगात इतरत्रही दिसतो. दक्षिण कोरियातील संगीत कंपन्या मुलामुलींना लहान वयात निवडून काही वर्षे गाणे, नृत्य आणि भाषा शिकवतात आणि मग त्यांचे गट बोर्डावर आणतात. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या एसएम एंटरटेनमेंटने २०१२ मध्ये आणलेल्या एक्सो या मुलांच्या गटात कोरियन आणि चिनी असे दोन्ही देशांचे सदस्य होते. त्याच कंपनीच्या टीव्हीएक्सक्यू गटातील तिघांनी दीर्घ मुदतीच्या कराराविरुद्ध २००९ मध्ये न्यायालयात धाव घेतली, आणि त्यानंतर तेथील व्यापार आयोगाने कराराचा जो नमुना ठरवून दिला त्यात मुदत ७ वर्षांपर्यंत ठेवली. तमाशात करार एका हंगामाचा असतो आणि बहुतेकदा तोंडीच असतो. मुदत छोटी, पण उचल फिटेपर्यंत ती संपत नाही.

तालीम

भाद्रपदात फडाच्या मुक्कामी तालीम लागते. जुने वग उजळणीला येतात, एखादा नवा वग बसवला जातो. वगाची संहिता पूर्वी पूर्ण लिहिलेली नसे. मालक किंवा वगलेखक प्रसंगांचा क्रम सांगे आणि कलावंत संवाद स्वतः भरत. त्यामुळे नवख्या कलावंताला पाठांतरापेक्षा प्रसंगावधान जास्त लागे. ऐतिहासिक, पौराणिक, सामाजिक आणि दरोडेखोरांचे असे वगांचे ठरावीक वर्ग आहेत. विठाबाईंच्या फडाचा ‘मुंबईची केळेवाली’ हा वग लोकांच्या विशेष लक्षात राहिला. चित्रपटगीते आल्यावर तालमीत ऑर्केस्ट्राची भर पडली. ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड ढोलकीच्या शेजारी आले. गणाच्या आधी आता तास-दीड तास गाण्यांचा कार्यक्रम चालतो.

विजयादशमीच्या सुमारास नारळ फुटतो आणि फड बाहेर पडतो. दिवाळीपासून माघापर्यंतचे दिवस बहुधा तिकिटाच्या खेळांचे. गावाबाहेरच्या माळावर कनात लावायची, तंबू उभारायचा, फळ्यांचा बोर्ड बांधायचा, लाऊडस्पीकरवरून गावोगाव पुकारा करायचा आणि मिळेल त्या गल्ल्यावर पुढचे गाव गाठायचे. पाऊस, थंडी किंवा शेजारच्या गावातला दुसरा फड, यांपैकी कशानेही गल्ला कोसळू शकतो. खरी कमाई होते ती यात्रांच्या सुपाऱ्यांवर.

राहुट्या

सुपारी ठरवण्याचे ठिकाण म्हणजे नारायणगावातील राहुट्या. होळीनंतर येथे फडमालक आपापल्या राहुट्या लावतात. पूर्वी त्या कापडी असत, आता पत्र्याच्याही असतात. राहुटीवर फडाच्या नावाचा फलक, आत कलावंतांची छायाचित्रे, एक टेबल आणि तारखांची वही असते. गुढीपाडव्याच्या आसपास पुणे, नगर, नाशिक, ठाणे या जिल्ह्यांतले यात्रा कमिटीचे पंच येथे येतात. मोठ्या फडांपासून हंगामी फडांपर्यंत तीसेक फडांच्या राहुट्या एका जागी असल्याने पंचांना तुलना करता येते आणि मालकांना एकमेकांचा दर कळतो. सांगली जिल्ह्यात विटा येथेही अशीच नोंदणी चालते. मात्र उत्तर पुणे, नगर आणि नाशिकच्या गावांसाठी नारायणगावच मुख्य राहिले, आणि त्यामुळेच त्याला तमाशाची पंढरी म्हणतात.

दर ठरतो तो फडाच्या नावावर आणि तारखेवर. चैत्र पौर्णिमा म्हणजेच हनुमान जयंती, कालाष्टमी आणि अक्षय्य तृतीया या दिवशी अनेक गावांच्या यात्रा एकदम येतात, म्हणून त्या तारखांचा भाव चढतो. मोठ्या फडाची एका रात्रीची सुपारी काही लाखांपर्यंत जाते. घासाघीस झाली की पंच विसार देतात आणि तारीख वहीत चढते. काही गावे पिढ्यान्‌पिढ्या एकाच फडाला बोलावतात. तेथे घासाघीस नावापुरतीच असते.

यात्रेतील दिवस

जुन्नर-आंबेगावातल्या यात्रेचा क्रम ठरलेला आहे. देवाला अभिषेक, मांडव-डहाळे, दुपारी घाटात बैलगाड्यांची शर्यत, रात्री पालखी किंवा छबिना आणि त्यानंतर तमाशा. बैलगाडा शर्यती २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद झाल्या तेव्हा यात्रांची गर्दी घटली आणि त्याची झळ फडांनाही बसली. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली.

रात्रीचा तमाशा संपला तरी फडाचे काम संपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी असते. देवळाजवळच्या मांडवात पंच आणि गावकरी बसतात. कलावंत पारंपरिक गाणी, लावण्या आणि बतावणी सादर करतात. लोक दौलतजादा करतात. रात्रीच्या खेळात ऑर्केस्ट्रा आणि वगाला मान असतो, तर हजेरीत नुसती ढोलकी आणि नुसता गळा कसाला लागतो. जुने जाणकार फडाची परीक्षा हजेरीवरून करतात. दुपारी गाव कुस्त्यांच्या आखाड्याकडे वळते आणि फडाचे ट्रक पुढच्या यात्रेच्या वाटेला लागतात. मुंबईत कामाला असलेली या भागातली मंडळी यात्रेला आवर्जून गावी येतात. वर्गणीत त्यांचा वाटा मोठा असतो आणि कोणता फड आणायचा यात त्यांचा शब्दही चालतो.

विठाबाईंचा काळ

विठाबाईंनी वडिलांच्या फडात नाव कमावले आणि पुढे स्वतःच्या नावाने फड चालवला. स्त्रीने मालक म्हणून उचल देणे, सुपारी ठरवणे आणि शंभर माणसांचा संसार ओढणे त्या काळी सोपे नव्हते. नृत्य, गायन आणि अभिनय या तिन्हींवर त्यांची सारखी पकड होती. खेळ चालू असताना प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या, बोर्डामागे जाऊन त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि खेळ पुरा करण्यासाठी पुन्हा बोर्डावर आल्या, ही त्यांच्याबद्दलची हकिकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. १९५७ आणि १९९० मध्ये त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. अखेरच्या दिवसांत मात्र पैशांची ओढाताण त्यांना चुकली नाही. १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. महाराष्ट्र शासनाने २००६ पासून तमाशा क्षेत्रातील ज्येष्ठ कलावंताला त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. कांताबाई सातारकर, वसंत अवसरीकर आणि विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे हे त्याचे मानकरी आहेत.

शाखा

यशस्वी फड फुटतो. एखादा सोंगाड्या किंवा नर्तकी इतकी लोकप्रिय होते की स्वतःच्या नावावर सुपारी मिळेल असा विश्वास तिला वाटतो. घरातले भाऊ-बहीण मोठे होतात आणि प्रत्येकाला आपला बोर्ड हवा असतो. नारायणगावकर फडातूनही असेच झाले. मंगला बनसोडे यांनी आईच्या फडात शिकून पुढे सातारा जिल्ह्यातील करवडीच्या नावाने आपला फड उभा केला आणि मुलगा नितीनकुमार यांच्यासह तो चालवला. नारायणगावात विठाबाईंच्या नावाचा फड पुढच्या पिढीने सुरू ठेवला. एका फडाची कलावंत मंडळी विभागली गेली की उणीव भरायला दोन्हीकडे नवी माणसे घ्यावी लागतात. त्यामुळे फूट पडल्यावरच तमाशात नव्या कलावंतांना शिरकाव मिळाला, असे अनेकदा घडले.

अडथळे

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. फडांनी तिला विरोध केला. दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तमाशाची बाजू तपासली. बंदी उठली, पण संहिता आधी तपासून घेण्याची अट आली. वग लिहून ठेवण्याची सवय फडांना लागली ती या अटीमुळे.

मुंबईतील गिरणगाव हा फडांचा मोठा आधार होता. लालबागचे हनुमान थिएटर आणि अशीच इतर थिएटरे घाटावरच्या कामगारांनी भरत. १९८२ च्या गिरणी संपानंतर तो प्रेक्षक विखुरला आणि फडांचा भार गावयात्रांवर आला. दूरदर्शन आणि व्हिडिओने तिकिटाचे खेळ कमी केले. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद करावा लागतो. पहाटेपर्यंत चालणारा वग त्यामुळे दोन-अडीच तासांत आटोपू लागला. सर्वांत मोठा फटका २०२० चा. मार्चअखेर टाळेबंदी लागली तेव्हा पाडवा तोंडावर होता आणि राहुट्या लागलेल्या होत्या. सुपाऱ्या रद्द झाल्या, विसार परत करावा लागला, दिलेली उचल वसूल झाली नाही. २०२१ चा हंगामही तसाच गेला. काही कलावंत मजुरीला आणि भाजीविक्रीला लागले, काही पुन्हा फडात आलेच नाहीत.

सध्याची स्थिती

२०२२ च्या पाडव्यापासून राहुट्या पुन्हा भरू लागल्या. फड आता पूर्वीपेक्षा आटोपशीर असतात. आठ महिने फिरणारे पूर्णवेळ फड मोजके उरले आहेत आणि केवळ यात्रांपुरते जुळणारे हंगामी फड वाढले आहेत. शासन फडांना अनुदान देते, पण उचलीचा बोजा त्याने हलका होत नाही. कलावंतांची मुले शिकून इतर व्यवसायांत जात असल्याने सोंगाड्या आणि ढोलकीवाला मिळवणे हे आता जुळणीतले अवघड काम झाले आहे. नर्तकींचा तुटवडा त्या मानाने कमी आहे, कारण ऑर्केस्ट्रा आणि लावणी कार्यक्रमांतून मुली फडात येतात. त्या शिकून येतात चित्रपटगीतांवरचे नृत्य, आणि गवळणीची जुनी चाल व बतावणीतले सवालजवाब त्यांना फडातच शिकवावे लागतात. नारायणगावकर घराण्याकडे ही शिकवण पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. हंगाम संपल्यावर पांगणाऱ्या फडाला दसऱ्याला पुन्हा उभे राहता येते, ते या शिकवणीच्या आणि नावाच्या बळावर.